खंडेनवमीचं तेल

ते यंत्र टेम्पोतून उतरवताना मला इतका आनंद झाला होता की दोरी सोडायच्या आधीच मी खोकं ओढायला लागलो आणि टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याहून कोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे मिस्त्रींचं. मी तिथं पत्राकाम करायचो. ठोकर बसलेल्या गाडीचा चेपलेला पत्रा कापायचा, त्या जागी नवा जोडायचा आणि ठोकून-घासून असा करायचा की गाडीला काही झालं होतं हे मालकाच्या बायकोलाही कळू नये. वय सत्तावीस, डोकं कायम तापलेलं. त्या दिवशी मात्र साताऱ्यात माझ्याइतका सुखी माणूस दुसरा कुणी नसावा.

यंत्राचं नाव प्लाझ्मा कटर. दिसायला धान्याच्या कोठीएवढं, निळ्या रंगाचं, खाली चार चाकं. एका बाजूनं त्याला वीज द्यायची, दुसऱ्या बाजूनं कॉम्प्रेसरची हवा. पुढं लांब नळी, नळीच्या टोकाला टॉर्च आणि टॉर्चच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढं तांब्याचं नोझल. नोझलला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून हवा जोरात बाहेर येते, तिच्यात विजेची ठिणगी पडते आणि ती हवाच अशी तापते की समोरचं लोखंड वितळून उडून जातं. हे सांगताना मला आजही हातवारे करावे लागतात.

मी मूळचा सांगलीचा. आयटीआयला असताना ज्या दुकानातून आम्ही वेल्डिंगच्या कांड्या आणायचो, त्याच दुकानदारानं मला ते पहिल्यांदा दाखवलं. दिवाळीला घरी गेलो होतो, सहज दुकानात डोकावलो. त्यानं एक जुनं बॉनेट घेतलं, टॉर्च टेकवला, आणि मी 'म्हणजे नक्की काय होतं?' असं विचारीपर्यंत बॉनेटचे दोन तुकडे झाले. मी कापलेल्या कडेपासून चार बोटांवर हात लावला. पत्रा नुसता कोमट होता. त्या रात्री जेवताना मी आईला प्लाझ्मा समजावून सांगितला आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

मला एवढं वेड का लागलं, ते कळायला आमची जुनी रीत माहीत हवी. पत्रा कापायला आमच्याकडे दोनच वाटा होत्या. एक गॅसची. तिनं पत्रा झटकन कापला जायचा, पण आजूबाजूचा हातभर पत्रा तापून लाटालाटांचा व्हायचा आणि मग त्या लाटा मोडायला दोन दिवस ठोकत बसावं लागायचं. दुसरी छिन्नी-हातोड्याची. तिनं पत्रा तापत नव्हता, पण ती दिवस खूप खायची. संध्याकाळी चहाची बशी धरली तरी हात थरथरायचा आणि कानात घणघण चालू राहायची. मिस्त्रींचा डावा कान तर चाळीस वर्षांच्या घणघणीनं पार गेला होता. त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन, आणि तेही ओरडून.

मिस्त्री साठीला आलेले. अंगानं किडकिडीत, पण मनगट असं की दोन बोटांत पत्रा वाकवतील. त्यांची छिन्नी त्यांनी ट्रकच्या कमानपाट्यातून स्वतः घडवली होती आणि ती दुसऱ्या कुणी उचललेली त्यांना खपायची नाही. त्यांच्यापुढे मी दहा महिने प्लाझ्मा कटरचं पारायण केलं.

"मिस्त्री, आवं एकदा बघा तरी."

"बघून काय करू? छिन्नीला लाईट लागत न्हाई."

एकदा वीज आठ तास गेली, तेव्हा त्यांनी मला दिवसभर छिन्नी दाखवून दाखवून हैराण केलं. मी चिडायचो, ते हसायचे. शेवटी सांगलीच्या त्या दुकानदारानंच तोडगा काढला. यंत्र कोजागिरीपर्यंत वापरून बघा, पटलं तर ठेवा, नाही पटलं तर कोजागिरीला माझा माणूस टेम्पो घेऊन येईल आणि परत नेईल. यंत्र दारात उतरल्यावर मी हे मिस्त्रींच्या उजव्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी छिन्नीची धार अंगठ्यानं बघत बराच विचार केला.

"ठेव कोजागिरीपतुर," ते म्हणाले. "पन त्याच्या आत एक तरी काम असं दाव, जे माज्या छिन्नीनं येळेत झालं नसतं. न्हाई दावलंस, तर सांगलीचा पावना आला तसा माघारी जाईल."

"मग त्याच्यासंगं मीबी जातो," मी म्हणालो.

असं बोलायचं मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडातून असल्या गोष्टी आधी निघतात आणि अर्थ मला मागाहून कळतो. मिस्त्रींनी मान डोलावली. "बरं," म्हणाले. आता शब्द मागे घ्यायची सोय नव्हती. साताऱ्यात मला सहा वर्षं झाली होती. हातात जे काही होतं ते मिस्त्रींकडून आलं होतं. सांगलीत जाऊन दुसऱ्या कुणाच्या हाताखाली काम करायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण समोर निळं खोकं होतं, आणि मी सुतळी सोडायला बसलो.

त्या दिवसापासून यंत्राचं नाव 'पावना' पडलं.

पहिला कट मी एका जुन्या दरवाजावर दिला. रंग खरवडून पत्र्याला अर्थिंगचा चिमटा लावला, काळा चष्मा चढवला आणि कळ दाबली. फुर्रर्र आवाज, निळसर पांढरा उजेड, खाली ठिणग्यांची झड, आणि टॉर्च हात नेईल तिकडे पत्रा सोडवत निघाला. मला ओरडावंसं वाटलं. मिस्त्री आले, पोलादी पट्टी घेतली आणि कापलेल्या कडेशेजारी आडवी, उभी, तिरकी अशी सगळीकडून ठेवून पाहिली. पट्टीखालून उजेड कुठंच दिसेना. पत्रा जराही उचलला नव्हता.

"हं," मिस्त्री म्हणाले.

त्या एका 'हं'वर मी दोन दिवस काढले. समोरच्या चहावाल्याला सांगितलं, पेट्रोल पंपावरच्या माणसाला सांगितलं. दाढी करताना न्हाव्याला सांगितलं, तेव्हा त्यानं वस्तरा थांबवून मला गप्प बसायला लावलं.

तिसऱ्या दिवशी पाहुणा रुसला. कळ दाबली की फटफट करायचा, थुंकायचा, कट अर्ध्यात सोडायचा. परतीच्या पावसाची दमट हवा होती. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलं होतं आणि ते हवेबरोबर टॉर्चमध्ये जात होतं. टाकीच्या बुडाचा नळ उघडला तर लोटाभर गढूळ पाणी निघालं. मी ते काढून टाकलं, आणि यंत्र पुन्हा मस्त चालायला लागलं. मग काय, मला शिकवायची हुक्की आली. मी मिस्त्रींच्या उजव्या कानाशी जाऊन दिवसभर तेच लावलं.

"पाणी ह्याचा वैरी, मिस्त्री. ध्यानात ठेवा. एक थेंब गेला तरी नोझल जळतं. पाण्यापासनं जपायचं ह्याला."

"कळलं रं," ते म्हणाले. "ल्हान पोराला सांगितल्यागत किती येळा सांगशील?"

दुकानदारानं मला खरं तर दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी त्यातली एकच, जी घडली होती तेवढी, मिस्त्रींना सांगितली. दुसरी माझ्या लक्षात होती, पण ती सांगायची गरज पडेल असं मला वाटलंच नाही.

नवरात्राच्या सहाव्या माळेला फौजी आले. वडूजकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. वडूज ते सातारा वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, जीप चालवायचे. वर्धनगडच्या घाटात अचानक आडव्या आलेल्या बैलाला वाचवताना त्यांची जीप दगडी कठड्याला घासत गेली होती. उजवी बाजू पार आत गेलेली, दाराचा खांब खालून दुमडलेला, तळाचा पत्रा फाटलेला. माणसाला खरचटलंही नव्हतं.

"मिस्त्री, कोजागिरीला सकाळच्याला जीप पायजे," फौजी म्हणाले. "पोरगा भरती झालाय. त्याला मिरजेला गाडीत बसवायचंय. मला माज्या बापानं बैलगाडीतनं कोरेगावच्या ठेसनापतुर सोडलं हुतं. माज्या पोराला मी माज्या जीपमधनं सोडणार. रंग नसला तरी चालंल."

मिस्त्रींनी जीपभोवती दोन चकरा मारल्या, खाली झोपून तळ पाहिला. मग बोटांवर दिवस मोजले. नुसतं कापायलाच छिन्नीला चार-पाच दिवस, त्यात खंडेनवमी आणि दसरा काम बंद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घावलं बघ तुला काम," म्हणाले. "दाव आता तुज्या पावन्याचं कसब."

मला आनंदानं काही सुचेना. हे काम जमलं की पाहुणा राहिला, आणि मीही राहिलो. मी त्याच दुपारी जीपची डिझेलची टाकी उतरवली, सीटा काढल्या, वायरी बाजूला बांधल्या, ओली पोती अंथरली. सप्तमीला आणि अष्टमीला मिळून उजव्या बाजूचा सगळा चेपलेला पत्रा मी सोडवून काढला. मधे तीन तास वीज नव्हती, तरीसुद्धा. फौजी रोज येऊन बघायचे. "लय भारी हाय गड्या हे," म्हणायचे, आणि मी चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न करायचो. राहिला होता तळाचा पत्रा आणि दाराच्या खांबाचा खालचा भाग. खांबाला तिथं दुहेरी पत्रा होता, आणि जागा अशी अडचणीची की छिन्नीवर हातोडा मारायला हात फिरत नव्हता. तो खांब म्हणजे खरी परीक्षा.

अष्टमीच्या संध्याकाळी मी सांगलीला निघायच्या गडबडीत होतो आणि मिस्त्रींनी मला एक काम लावलं. इंजिन उचलायची साखळी-कप्पी आम्ही शेजारच्या गॅरेजमधून आणली होती, ती आत्ताच्या आत्ता परत देऊन ये म्हणाले.

"आवं, दसरा झाला की लागणारच हाय की ती," मी म्हणालो.

"दसरा झाल्यावर परत आन. उसनं हत्यार मी पूजेला बसवत न्हाई."

मी ती जड साखळी खांद्यावर टाकून, तोंडानं पुटपुटत, देऊन आलो. एसटी चुकता चुकता मिळाली.

खंडेनवमीच्या पूजेला मी कधीच नसायचो. आमच्या घरातला देव्हारा आजोबांनी छप्पन्न सालानंतर उतरवला, तेव्हापासून दसरा म्हणजे आमचा धम्माचा दिवस. पांढरे कपडे घालून आईबरोबर विहारात जायचं, म्हणून मी दोन दिवस सांगलीला असायचो. मिस्त्रींनी त्यावर कधी काही विचारलं नाही. एकादशीला परत आलो की काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, माझ्या वाटणीच्या पुरणपोळ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या असायच्या. एवढ्यावर आमचं सगळं छान चाललं होतं.

दसऱ्याच्या सकाळी विहारातून येताना मी दुकानात गेलो. हारतुरे लावून दुकान उघडं होतं. मी दोन नवी नोझलं घेतली आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली.

"राहतंय का यंत्र?" दुकानदारानं विचारलं.

"ऱ्हातंय म्हंजे काय," मी म्हणालो. "आमचं मिस्त्री 'हं' म्हनलेत."

एकादशीला पहाटेची पहिली एसटी धरून दहाच्या सुमाराला मी गॅरेजात पोचलो. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ, दाराला झेंडूचं तोरण. हातोडे, पाने, जॅक, सगळी हत्यारं तेलानं पुसून लखलखत होती, प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट. आणि पाहुणा. त्याला झेंडूचा हार होता, माथ्यावर कुंकवाची पाच बोटं होती, त्यावर आपट्याचं पान ठेवलं होतं. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. हार काढून मी खिळ्याला टांगला, जीपखाली सरकलो आणि खांबावर टॉर्च टेकवून कळ दाबली.

फट्. पिवळा जाळ, काळा धूर, जळक्या तेलाचा वास. पत्र्यावर नुसता काळा डाग. नोझल काढून पाहिलं तर भोक फाटून वाटाण्याएवढं झालेलं. मी सांगलीहून आणलेलं नवं नोझल बसवलं. पुन्हा फट्. तेही गेलं. मग टॉर्च खोलला. आत सगळीकडे तेल होतं. नळीचं टोक बोटानं पुसलं, तर बोट ओलं. माझं डोकं भणाणलं. कोजागिरीला चार दिवस, हातात एक नोझल, आणि यंत्राच्या नरड्यात तेल.

"कुणा शहाण्यानं ह्यात तेल घातलं?" मी जीपखालूनच ओरडलो. मी बाहेर आलो आणि आणखी मोठ्यानं, सोबत दोन शिव्या घालून, तेच विचारलं. रस्त्यापलीकडचा चहावाला उभा राहिला. मिस्त्री फौजींबरोबर बाकड्यावर चहा पीत होते, त्यांची डावी बाजू माझ्याकडे. फौजींनी त्यांना कोपर मारून माझ्याकडे वळवलं. मी तिसऱ्यांदा ओरडलो, शिव्यांसकट.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

"मी घातलं," ते म्हणाले.

मी हातातलं जळकं नोझल त्यांच्यापुढं धरलं.

"तू म्हनला हुतास न्हवं, पानी ह्याचा वैरी म्हनून? पाण्यापासनं जपा म्हनून? चाळीस वर्सं झाली, हत्याराला पाण्यापासनं तेलच वाचिवतं. सगळ्यास्नी फडक्यानं लावलं. ह्याला म्हनलं जरा चांगलं घालावं. नळीत वतलं. आत जाईना, म्हनून वाईच हवा मारली."

त्यांच्या डोक्यावर दसऱ्याची नवी कोरी पांढरी टोपी होती. ते माझ्याकडे असे बघत होते, जसा मी सहा वर्षांपूर्वी पहिला पत्रा वाकडा कापून त्यांच्याकडे बघत उभा होतो. मला इतकी लाज वाटली की नोझलाऐवजी मीच जळायला हवा होतो असं वाटलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो.

"दुकानदारानं दोन्ही सांगितलं हुतं, मिस्त्री," मी म्हणालो. "पानी न्हाई आन तेलबी न्हाई. मी तुमास्नी निम्मंच सांगितलं."

त्यांनी टोपी सारखी केली. "मग दोघांचं निम्मं निम्मं," म्हणाले. "आता बोल, फुडं काय?"

पुढं काय ते मला माहीत नव्हतं. फौजींनी विचारलं, की नळी कशी साफ करायची एवढाच प्रश्न आहे का? मी म्हणालो, व्हय. "मग असं बसलाय काय? पलटणीत आमी रोज बंदुकीची नळी साफ करत हुतो. सायेब पांढरं फडकं फिरवून बघायचा. फडक्यावर डाग दिसला की परत." एवढं बोलून ते बाह्या सरसावून उभे राहिले, आणि माझ्या अंगात एकदम जीव आला.

कॉम्प्रेसरपासून यंत्रापर्यंतची रबरी नळी मी सरळ फेकून दिली आणि गावातून नवी आणली. हवा गाळायची काचेची वाटी आणि टॉर्चचे सुटे भाग स्पिरिटनं धुतले. राहिली टॉर्चची स्वतःची नळी. तिच्यातून दोरी ओढता येत नव्हती, कारण आत वीज नेणारी तार होती. ती यंत्रापासून सोडवून आम्ही छपराच्या अँगलला उलटी टांगली, वरून स्पिरिट ओतलं, खालून गाळून घेतलं. निघालं ते चहाच्या रंगाचं. पुन्हा ओतलं, पुन्हा गाळलं. मग हवा मारायची वेळ आली.

"पांढरं फडकं आणा," फौजी म्हणाले.

गॅरेजात पांढरं काय असणार? मी माझ्या पिशवीतला विहारात घातलेला शर्ट काढायला वाकलो. तोवर मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली आणि नळीच्या तोंडापुढं दोन्ही हातांनी धरली.

"मार हवा," ते म्हणाले.

"मिस्त्री, आवं नवी हाय."

"मार म्हनतोय न्हवं."

मी हवा मारली. टोपीवर तळहाताएवढा काळपट डाग पडला. आम्ही पुन्हा स्पिरिट ओतलं. मिस्त्रींनी टोपीची कोरी बाजू पुढं केली. या वेळी डाग रुपयाएवढा. मग टिकलीएवढा. दर वेळी आम्ही तिघं टोपीवर वाकून असे बघायचो, जसा काही निकाल लागणार आहे. सहाव्या की सातव्या वेळी टोपीला कोरी जागा अशी उरलीच नव्हती, म्हणून त्यांनी ती उलटी करून आतली बाजू धरली. मी हवा मारली. आम्ही पाहिलं. काही नव्हतं. फौजींनी ती उजेडात नेऊन पुन्हा तपासली आणि साहेबासारखी मान हलवली.

आतलं स्पिरिट पूर्ण सुकल्याशिवाय ठिणगी पाडायची नव्हती. भडका उडाला असता. नळी उन्हात पसरून ठेवली आणि त्यातून कोरडी हवा सोडत राहिलो. तोवर मिस्त्री जीपखाली गेले होते. तळाच्या पत्र्यावर, जिथं हात फिरत होता तिथं, त्यांची छिन्नी चालू झाली. ठण, ठण, ठण. अशी एका तालात, एकही ठोका वाया न घालवता. सहा वर्षं रोज ऐकलेला तो आवाज मी त्या दुपारी पहिल्यांदा नीट ऐकला. अंधार पडायच्या आत त्यांनी निम्मा तळ सोडवला होता.

द्वादशीला सकाळी मी शेवटचं नोझल बसवलं. टाकीतलं पाणी काढलं, चिमटा दोनदा तपासला. फौजी आले होते, काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्याही थांबल्या. मिस्त्री माझ्या शेजारी उकिडवे बसले, चांगला कान यंत्राकडे करून. मी खांबावर टॉर्च टेकवला. कळ दाबली.

फुर्रर्र. स्वच्छ, निळा, सुईसारखा जाळ. खांबाचा दुहेरी पत्रा वरून खाली, मग आडवा, मग पुन्हा वर, आणि दुमडलेला तुकडा खणकन जमिनीवर पडला. मी चष्मा वर केला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ते उजेडावर ढकललं. फौजींनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी टॉर्चसकट पुढं गेलो. मिस्त्रींनी पट्टी मागितली नाही. त्यांनी बोट कडेवरून फिरवलं, अगदी सावकाश, आणि उरलेल्या तळाकडे दाखवून म्हणाले, "आवर आता. जुडायचं कवा?"

पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी मान वर केली नाही. नवा पत्रा बसवला, वेल्डिंग मारलं, त्यांनी आतून ठोकला, मी बाहेरून आधार धरला. कोजागिरीच्या सकाळी जीप गॅरेजातून बाहेर पडली. उजवी बाजू रेड ऑक्साइडनं विटकरी, बाकीची जुनी हिरवी. फौजी आदल्या संध्याकाळीच मुलाला आणि त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेला घेऊन वडूजहून आले होते. मुलगा मागं बसायला निघाला, तर फौजींनी त्याला पुढं बसवलं. त्यांनी मिस्त्रींना सॅल्यूट ठोकला, मग मला, आणि जाता जाता आत तोंड घालून यंत्रालाही ठोकला. जीप मिरजेच्या वाटेला लागली. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत मी वेड्यासारखा हात हलवत होतो.

वळलो, तर दारात टेम्पो उभा होता. सांगलीहून दुकानदाराचा माणूस आला होता.

"काय ठरलं?" त्यानं विचारलं. "ठेवायचं का न्यायचं?"

इतके दिवस मी हे उत्तर पाठ केलं होतं आणि आता मनात हिशोब करत बसलो. अट अशी होती, की छिन्नीनं वेळेत झालं नसतं असं काम दाखवायचं. खांब पाहुण्यानं कापला होता, पण निम्मा तळ छिन्नीनंच वेळेत सुटला होता. वर दोन नोझलं जळाली होती, एक पूर्ण दिवस गेला होता, आणि मी मिस्त्रींना अख्ख्या रस्त्यादेखत शिव्या घातल्या होत्या. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते पाण्याच्या पिंपापाशी हात धूत होते. डोक्यावर तीच टोपी होती, डागांची, धुऊन पिवळट झालेली.

"न्यायला काय आलाय?" ते म्हणाले. "पूजेला बसवलंय आमी त्याला."

टेम्पोवाल्याला काही कळलं नाही. मला मात्र खांद्यावरची ती जड साखळी आठवली, आणि अष्टमीची संध्याकाळ. उसनं हत्यार मिस्त्री पूजेला बसवत नव्हते. म्हणजे खांब कापायच्या, तेल धुवायच्या, टोपी काळी व्हायच्या आधी, मी सांगलीत असतानाच, त्यांनी पाहुण्याला घरचा केला होता. आणि घरचा केला म्हणूनच त्याला सगळ्यांपेक्षा जास्त तेल घातलं होतं.

मिस्त्री हात पुसत माझ्यापाशी आले. "आन तू?" त्यांनी विचारलं. "टेम्पू आलाच हाय. जातूस का?"

कॉम्प्रेसरचं पाणी काढायचं राहिलंय एवढं म्हणालो, तेही त्यांच्या डाव्या, बहिऱ्या बाजूला उभा राहून, आणि काढायला गेलो.